अब्बांचा माऊथपीस

आमच्या घरात दोन काचा होत्या. एक भिंतीवरची, अम्मीची. दुसरी जाड, बिनपाऱ्याची, वीतभर लांबीची. ती अब्बांच्या जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटावर ठेवलेली असे. तिला कुणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता. अब्बांनी ती खाली काढली की ओळखायचे, कुणाचे तरी क्लॅरिनेट चिरकायला लागले आहे.

अब्बा मिरजेत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराईत वराती, भाद्रपदात गणपती, मधल्या काळात उरूस आणि जत्रा. उरलेल्या दिवसांत माऊथपीस घासून देणे. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, पार निपाणी-चिकोडीपर्यंतचे बँडवाले रुमालात माऊथपीस बांधून आमच्या दारात येत. या कामाला मराठीत नेमके काय म्हणावे हे आम्हाला आजही सुचत नाही. बँडवाले 'घासून देणे' म्हणतात, तेच बरे. (हे 'आम्ही' म्हणजे एकटे आम्हीच. उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवता शिकवता जिभेला 'हम'ची सवय लागली, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी माफ करावे.)

क्लॅरिनेट हातभर लांब असले तरी त्याचा आवाज जन्मतो तो बोटभर माऊथपीसमध्ये. त्याच्या एका बाजूला सपाट जागा असते, तिच्यावर पत्ती बांधतात. त्या सपाटीत एक लांबट खिडकी कापलेली असते. खिडकीच्या दोन्ही कडा शेंड्याकडे जाताना हळूच मागे वळतात, त्यामुळे पत्ती आणि शेंडा यांच्यात फट राहते. क्लॅरिनेटला ही फट एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त, टेनर सॅक्सोफोनला दीड-दोनच्या पुढे. फुंकले की पत्ती त्या वळणावर लोळत मिटते आणि उघडते, एका सेकंदात शेकडो वेळा. दोन्ही कडांचे वळण सारखे नसेल तर पत्ती एका बाजूला आधी टेकते, दुसऱ्या बाजूला उशिरा. मग ऐन वरातीत, नवरदेव घोड्यावर बसलेला असताना, वाद्य कोंबडीसारखे ओरडते. फट जास्त झाली तर वाजवणाऱ्याची छाती फुटते. फार कमी झाली तर जोराने फुंकताच पत्ती मिटून जाते आणि आवाज गुदमरतो.

माऊथपीस बिघडतात कसे, याचे नमुने आम्ही लहानपणी पुष्कळ पाहिले. कुणाचा सिमेंटच्या रस्त्यावर पडून शेंडा टवकलेला, कुणी पत्ती सुतळीने करकचून बांधलेली, कुणी राखेने घासून चकचकीत केलेला. आमच्या दादीने एकदा माया करून अब्बांचा माऊथपीस कढत पाण्याने धुतला. तो एबोनाइटचा, म्हणजे रबर आणि गंधक एकत्र शिजवून कडक केलेला. काळाभोर होता तो खाकी-हिरवा झाला आणि घरभर गंधकाचा वास सुटला. दादी दोन दिवस तोंड लपवत होती. अब्बा एवढेच म्हणाले, "अम्मा, ये चाय का कप नै."

अब्बांची तपासणी ठरलेली असे. पत्ती बांधायची, मागचे भोक तळहाताने बंद करायचे, तोंडाने आतली हवा ओढून घ्यायची आणि झटकन बाहेर काढायचा. कडा नीट असतील तर पत्ती क्षणभर चिकटून राहते आणि मग 'टक्' आवाज करून सुटते. तो टक् आला नाही की काच खाली उतरे. सपाट जागेवर पेन्सिल फिरवायची, काचेवर बारीक पॉलिश पेपर पाण्याने चिकटवायचा आणि माऊथपीस एकदाच, सरळ, आपल्याकडे ओढायचा. पेन्सिल जिथे पुसली ती जागा उंच, जिथे राहिली तिथे खड्डा. "काच झूट बोलती नै," हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

मापासाठी त्यांच्याकडे गॅरेजवाल्याकडून आणलेला टॅपेट गेज होता. मोटारसायकलचे टॅपेट ज्या पोलादी पात्यांनी तपासतात तोच. पत्तीच्या जागी काचेची पट्टी धरायची आणि 0.05 मिलिमीटरचे पाते शेंड्याकडून आत सरकवायचे. ते जिथे अडते तिथून वळण सुरू. मग जाड पाती, एकामागून एक. प्रत्येक पाते दोन्ही कडांना सारखेच आत गेले पाहिजे. अमेरिकेतल्या एल्कहार्टचे दुरुस्तीकार एरिक ब्रँड यांनीही हीच रीत बसवून दिली होती, हे आम्ही फार नंतर वाचले. त्यांची पाती 0.0015, 0.010, 0.024 आणि 0.034 इंचांची, काचेवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा. अब्बांना वाचून दाखवले तर म्हणाले, "उने बी गॅरेज के बाजू में रहता हुंगा."

पण वळण कुठे सुरू करायचे हे अब्बा गेजकडून शिकले नव्हते. ते शिकले सितारमेकर गल्लीत. मिरजेच्या तंतुवाद्यांची कहाणी आपल्या वाचकांना माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी, तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला एक कारागीर अब्बांचा दोस्त. तो तंबोऱ्याची जवारी काढताना अब्बा तासन्‌तास बघत बसत. जवारी म्हणजे तरी काय? घोडीच्या सपाट पाठीला कानशीने दिलेले असेच न दिसणारे वळण. तार त्या वळणाला टेकत-सुटत जाते, म्हणून तंबोरा गुंजतो. इथे तार, तिथे पत्ती. अब्बा म्हणत, "हमारा बी जवारीच का काम है, खाली उनका बैठको होता, हमारा चलको."

'चलको' हा शब्द ते हसून म्हणत, पण तो त्यांना बोचत असावा. बसून वाजवतो तो कलावंत, चालून वाजवतो तो बाजेवाला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. तिथल्या संगीतसभेला अब्बा दरवर्षी जात आणि सगळ्यात मागे, चपलांजवळ बसत. दुसरीकडे आपल्यातलेच काही लोक त्यांना सांगत की बाजा सोडा, कमाई पाक नाही. अब्बांनी कधी वाद घातला नाही. मशीद जवळ आली की कुणी सांगायच्या आधीच ते हात वर करून बँड थांबवत आणि मशीद मागे पडली की पुन्हा पत्तीला ओठ लावत. आणि आम्ही? आम्ही बी.एड.च्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'वाद्यदुरुस्ती' लिहिले. खोटे नव्हते. पण का लिहिले ते आम्हाला ठाऊक आहे.

त्या काचेला हात न लावण्याचा कायदा आम्ही एकदा मोडला. सातवीत होतो. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि कुणाचा तरी सॅक्सोफोनचा माऊथपीस घासायचा पडला होता. चार दिवस बघत होतो, वाटले यात काय आहे! काच घेतली, पेपर लावला, वीस-पंचवीस वेळा ओढला. हात थोडा डावीकडे कलत होता हे कळलेच नाही. डावी कड बसली आणि शेंड्याची धार कागदासारखी पातळ झाली. अब्बांनी परत आल्यावर एकदा तो उजेडात धरला. मारले नाही. गिऱ्हाइकाला आपल्याकडचा चांगला माऊथपीस दिला आणि त्या सीझनचे काही पैसे बुडाले. आम्हाला एवढेच म्हणाले, "घिसे सो वापस नै आता." त्यानंतर पंचवीसएक वर्षे आम्ही काचेला शिवलो नाही.

डीजे आला आणि वरातीतून बँड हळूहळू बाजूला सरकला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उरलासुरला सीझनही गेला. 2021 च्या पावसाळ्यात अब्बांचे वरचे पुढचे दात काढावे लागले. क्लॅरिनेटवाल्याचे वरचे दात माऊथपीसवर टेकलेले असतात, सगळा भार त्यांच्यावर. कवळी बसवली तर ती फुंकताना हलायची. ते वरचा ओठ आत दुमडून वाजवू लागले, पण ओठ पाच मिनिटांत थकत. एक दिवस त्यांनी कपाटावरून काच काढली आणि आमच्यापुढे ठेवली. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. "मेरा माऊथपीस थोडा बंद करना है. तूच कर."

फट कमी झाली की ओठाला कमी दाबावे लागते, हे बरोबर. पण बंद करायचे म्हणजे सपाट जागाच घासून खाली न्यायची, तेव्हा कुठे शेंडा पत्तीच्या जवळ येतो. त्यात वळण आखूड होते, ते पुन्हा मागे वाढवावे लागते. हा त्यांच्या उस्तादांनी दिलेला, दादीने हिरवा केलेला माऊथपीस. चाळीस वर्षे याच्यावर पोट भरलेले. आम्ही म्हटले, "अब्बा, बिगड्या तो?" ते म्हणाले, "दांत बी तो गए."

फट भरली 1.20. ती 1.05 वर आणायची होती. इशानंतर रोज तासभर, चार रात्री लागल्या. दोन ओढी, धुणे, पुसणे, मोजणे. पुन्हा दोन ओढी. शेजारी बसून अब्बा फक्त आवाज ऐकत. पेपरवर एबोनाइट सारखे घासले जात असेल तर एकच स्वर येतो म्हणे. हात कलला की ते डोळे मिटूनच 'हां हां' करत. तिसऱ्या रात्री फट 1.05 झाली, पण वळण अठराचे पंधरा मिलिमीटर उरले. मग माऊथपीस ओढता ओढता हलकेच लोळवत ते पुन्हा सतराच्या पुढे नेले. चौथ्या रात्री टक् आवाज आला, पण ओला, उशिराचा. पाते घातले तर डाव्या कडेला ते थोडे जास्त आत जात होते. पुन्हा डावीच! उजवी पाच फेऱ्यांत तिच्या बरोबरीला आणली. त्या पाच फेऱ्यांत आम्ही श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

सकाळी अब्बा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. कवळी काढून वाटीत ठेवली, पत्ती जिभेवर भिजवली आणि खालचा एकच सूर धरला. लांब, जाड, जरासा धुरकट. मग त्यावरचा. अम्मीने कुकरखालचा गॅस बंद केला. वरचे सूर येईनात, एक-दोनदा चिरकले, ते सोडून दिले. खालच्या सप्तकातच ते अर्धा तास फिरत राहिले. अर्धा तास, पाच मिनिटे नव्हे.

आता रविवारी दारात रुमाल घेऊन कुणी आले की अब्बा बाहेर बसल्या बसल्याच सांगतात, "मास्टर कू दिखा." बँडमध्ये मास्टर त्यांना म्हणत, शाळेतले मास्टर आम्ही. येणाऱ्याला प्रश्न पडतो की कुणाला दाखवायचे. मागच्या महिन्यात एक पोरगा आल्टो सॅक्सोफोनचा माऊथपीस घेऊन आला. दुपारभर घासला, मोजला, टक् ऐकला, अब्बांच्या हातात दिला. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही त्यांना एवढे बारीक दिसत नाही. त्यांनी अंगठ्याने दोन्ही कडांवरून एकदा हात फिरवला आणि माऊथपीस परत आमच्याकडे सरकवला.

"डाव्या हात की तरफ एक बार और."