मले कलेक्टर नाई व्हाचं

२०२५ च्या दिवाळीत ताईकडे शेंदूरजनाघाटला चार दिवस मुक्काम होता. भाची वरुडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेतलंय. घरात चर्चा एकच. आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याला दिला की येणाऱ्या पैशातून तिला पुण्याला एमपीएससीच्या क्लासला पाठवायचं. भाऊजींचं ठरलेलंच होतं. खोली कुठे मिळते, मेस कितीला पडते, इथपर्यंत चौकशी झालेली. आणि ही बाई रात्री गच्चीवर मला म्हणते, "मामा, मले कलेक्टर नाई व्हाचं. हे सारं सरकार चालते कसं, थे शिकाचं हाय. त्याचा काई क्लास असते का?"

आता काय सांगणार? आपल्याकडे 'सरकार' या शब्दाचा एकच अर्थ उरलाय, सरकारी नोकरी. ज्याला देशाच्या कारभारात रस, त्याने अभ्यासिकेत जाऊन बसायचं, लक्ष्मीकांत पाठ करायचं आणि फॉर्म भरत राहायचं. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि निवड झाली १०१६ जणांची. बाकीच्यांचं काय झालं हे आपण विचारत नाही. मला त्या परीक्षांबद्दल आकस नाही, आमच्याच नात्यात दोघंजण त्यातून लागलेत आणि उत्तम काम करतात. पण राज्यशास्त्राची आवड असलेल्या पोरीला तेवढी एकच वाट दाखवायची हे काही मला पटत नाही.

मी तिला उलटा प्रश्न टाकला. "तुझा खासदार कुठला?" तिने पटकन सांगितलं, "अमरावतीचा." चूक! जिल्हा अमरावती, पण मोर्शी विधानसभा मतदारसंघ येतो वर्धा लोकसभेत. तिला हे इतकं नवल वाटलं की तिने लगेच खाली जाऊन भाऊजींना विचारलं. भाऊजी बरोबर बोलले, कारण ते प्रचाराला गेलेले आहेत. ही माहिती तिच्या बी.ए.च्या पुस्तकात नाही, भाऊजींच्या डोक्यात आहे. शिक्षण तिथूनच सुरू करावं असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण तर घरातच पडलेलं. संत्र्याचा भाव का पडतो? व्यापारी लुटतात म्हणून, हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. पण आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोला ८८ टक्यांवर नेलं. २०१९ मध्ये ते २० टका होतं. म्हणजे ढाक्यात कोणीतरी कागदावर सही करतो आणि शेंदूरजनाघाटच्या बांधावर फळ पडून राहतं. यात दिल्लीने काय करायचं, मुंबईने काय करायचं, खासदाराने कुठे प्रश्न विचारायचा? हे सगळं राज्यशास्त्रच आहे हो. गावात कलमांच्या नर्सऱ्या जागोजागी, डोळा भरणारे हात पिढ्यान्पिढ्यांचे, पण हा हिशोब मांडणारं पोरगं विरळाच.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. तिला आत्ता काय करता येईल?

कॉलेजात एनएसएस आहेच, वर्षाला १२० तास. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यात झाडू मारून फोटो काढण्यावरच भर असतो. १८ ते २५ वयासाठी राष्ट्रीय युवा संसद २०१९ पासून सुरू झाली आहे, त्यात जिल्हा, राज्य असं वर चढत जाता येतं. भाषणाची स्पर्धाच ती, पण बोलायची भीड तर मोडते. त्याहून मला आवडते ती नागपूरची गोष्ट. हिवाळी अधिवेशन शंभरेक किलोमीटरवर भरतं आणि त्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विधानभवनात राज्यशास्त्र-लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांचा संसदीय अभ्यासवर्ग घेते. विद्यापीठाच्या विभागांतून मुलं जातात, आमदार-मंत्री, अधिकारी, पत्रकार येऊन बोलतात. आपल्या भागातल्या किती मुलांना हे माहीत असतं? अधिवेशन म्हणजे मोर्चे आणि गर्दी, एवढंच आपण ऐकतो.

पदवीनंतरच्या वाटाही आहेत. पीआरएस नावाची दिल्लीची संस्था २०१० पासून लॅम्प फेलोशिप चालवते, त्यात तरुण मुलं एकेका खासदाराबरोबर अधिवेशनांच्या काळात काम करतात, प्रश्न तयार करतात, विधेयकं वाचून टिपणं काढतात. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, २०२० ला बंद पडली, २०२३ ला पुन्हा आली. वय २१ ते २६, पदवीला साठ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. २०२३ ला जागा होत्या साठ. सगळ्या महाराष्ट्रात साठ!

भाऊजी शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आणि त्या एका वर्षानंतर पोटापाण्याचं काय?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचं गुळगुळीत उत्तर नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. यातलं काहीच नोकरीची हमी देत नाही. पण पुण्याची खोलीही देत नाही, फक्त तिचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. ताई हसली, भाऊजी हसले नाहीत.

सगळ्यात जवळची शाळा मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ती म्हणजे नगरपालिका. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत २०२२ च्या आसपास प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावल्यावर निवडणुकांचं गाडं हललं आणि २ डिसेंबरला मतदान झालं. म्हणजे ही पोरगी शाळकरी होती तेव्हापासून मतदार होईपर्यंत तिने निवडून आलेल्या नगरसेवकांची सभा पाहिलीच नाही. नागरिकशास्त्रात 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा धडा तिने मार्कांसाठी पाठ केला तेव्हा गावात स्वराज्य नव्हतं, प्रशासक होता.

इथे मला पंजाबराव देशमुख आठवतात. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस, पुढे संविधान सभेत बसला, केंद्रात कृषिमंत्री झाला. पण त्याआधी अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष म्हणून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यासाठी त्यांनी काम केलं. लहान संस्थेला त्यांनी लहान मानलं नाही. आज आपण त्यांचा पुतळा पाहतो, त्यांचं ते पहिलं काम विसरतो.

असो. भाचीने ठरवलंय ते असं. नवीन सभागृहाच्या पहिल्या काही सभांचे इतिवृत्त आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागायचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत, त्यामुळे पहिल्या अर्जाचे तिने चार मसुदे केले. तिला बघायचंय की तिच्या वॉर्डात नळाच्या पाण्यावर कागदोपत्री किती खर्च झाला. सभेला प्रेक्षक म्हणून बसता येईल का, हेही ती मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारणार आहे.

बगीचा गेला, पैसे आले. भाऊजींनी ते बँकेत ठेवलेत आणि पुण्याचा विषय बी.ए. होईपर्यंत पुढे ढकललाय, मिटवलेला नाही. "एकवीस झाल्यावर नगरपालिकेला उभं राहता येते ना मामा?" असं परवा फोनवर तिने विचारलं. येतं, असं मी सांगितलं. मागून ताईचा आवाज आला, "पहिले परीक्षा दे म्हणा तिले!"