तांब्यातला तेरडा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडे, आजीच्या घरी फुलदाणी नव्हती. पितळी तांब्या होता. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर तो चिंचेनं लख्ख घासलेला असायचा. शाळेतून आलो की आम्ही पोट्ट्या परडी घेऊन निघायचो. तेरडा, कण्हेर, जास्वंद अंगणातलीच; कुंपणाबाहेर डोकावणारी शेजारची तगर हक्काची. गुलबास मात्र संध्याकाळीच उमलायचा, नेमका भुलाबाईच्या गाण्यांच्या वेळेला.

आजी तांब्यात आधी आघाड्याचे तुरे रोवायची. मग त्यांच्या आधारानं फुलं जागच्या जागी राहायची. मी मूठभर कोंबायला गेले की म्हणायची, "काहून कोंबून राह्यली वं? झाडावर कसं असते, तसं ठेव!" कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर व्हायचा, कणसं भुलाबाईच्या डोक्यावर झुकलेली.

पुढं थर्माकोलच्या महिरपी आल्या, प्लॅस्टिकचे गुलाब आले. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, तोवर शेतंही बदलली होती. सोयाबीननं ज्वारी हटवली. आता कोजागिरीला पाच धांडे मिळवायचे तरी ओळखीचा शेतकरी लागतो.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला भाचीच्या रिसेप्शनला गेले. स्टेजवर वाळलं गवत, वाकड्या फांद्या, मधूनच गुलाब, आणि चक्क बोंडं फुटलेल्या पऱ्हाट्या! "गार्डन स्टाईल आहे, मावशी. नॅचरल लुक," डेकोरेशनवाला पोरगा म्हणाला. आजीच्या चुलीत ज्यांचे भारेच्या भारे जळले, त्यांचं इथं काडीवर भाडं होतं. पण मांडणी खरंच देखणी होती. कुठं दाटी नाही, झाडावर असतं तसं. आजीनं मान डोलावली असती.

मी पानं जरा बाजूला सारली. खाली हिरवा, ओला फोम. बोट लावलं की खड्डा पडणारा. अमेरिकेत १९५४ मध्ये निघालेली ही वस्तू. कुजून मातीत मिळत नाही, नुसता भुगा होतो. वर सगळं शेत, आणि बुडाशी शेताला न पचणारी वीट.

"याच्याशिवाय टिकत नाही ना, मावशी," पोरगा म्हणाला.

खरंच आहे. तेरड्याचा तर रंगच तीन दिवस. आजीला त्याचं कधी काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी सुकलेलं आळ्यात टाकायची आणि तांब्या पुन्हा घासायला घ्यायची.