रखडलेला डे-एंड

आमच्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. पिग्मी हा त्या संस्थेचा कणा. संध्याकाळी एजंट आपापली मशिनं घेऊन शाखेत येतात, दिवसभराची वसुली सर्व्हरवर चढते, रोकड जुळली की डे-एंड लावायचा. खात्याखात्यात रक्कम जमा होते, एजंटचं कमिशन निघतं, खतावणी होते आणि पुढची तारीख उघडते. पाऊण तासाचं काम. एका उन्हाळ्यात ते मध्यरात्रीपर्यंत रखडायला लागलं. डे-एंड पुरा झाल्याशिवाय शाखेला कुलूप लागत नाही, त्यामुळे मॅनेजर तिथेच बसून, आणि कॅशियर मॅडमची गावाकडची शेवटची एसटी रोज चुकायची.

निदानाला वेळ लागला, कारण दुखणं आधी अधूनमधून यायचं. एखादी रात्र अशी जायची, मग दोन-तीन महिने सगळं सुरळीत. अशा तक्रारीत प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. सॉफ्टवेअरवाले म्हणाले नेटवर्क बघा. नेटवर्कवाल्याने स्विच बदलला. कोणी अँटिव्हायरस काढायला लावला, कोणी टेबलांचे इंडेक्स नव्याने बांधले. डिस्क मंद असेल अशी शंका मी काढली, तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाने माझ्यादेखत एक जीबीची फाइल कॉपी करून दाखवली. काही सेकंदांत झाली. ‘‘बघा सर, डिस्क तर पळतेय.’’

पण ती फाइल डिस्कवर गेलीच नव्हती. लिनक्स असं लेखन आधी रॅममध्ये घेतो, ‘झालं’ म्हणून कळवतो आणि नंतर सवडीने डिस्कवर उतरवतो. डेटाबेसला हे चालत नाही. ग्राहकाचे पन्नास रुपये जमा झाले असं सांगण्याआधी त्याला ती नोंद खरोखर डिस्कवर पोचलेली हवी असते. त्यासाठी तो एफसिंक करतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तेव्हा मोजायचं तर हे थांबणं मोजायला हवं.

मी डे-एंड चालू असताना डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट लावून बसलो. सीपीयू जवळपास रिकामा. डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना टेकलेला, आणि तरी सेकंदाला एक एमबीसुद्धा लिहिलं जात नव्हतं. डिस्क अखंड राबत होती आणि काम पुढे सरकत नव्हतं. रात्री सगळं शांत झाल्यावर डीडी या कमांडला डीसिंकचा पर्याय लावून चार-चार केबीचे एक हजार तुकडे लिहवले, प्रत्येक तुकडा डिस्कवर पोचल्याशिवाय पुढचा नाही. वीस सेकंद लागले. म्हणजे एका लेखनाला 20 मिलिसेकंद.

हा आकडा पाहिल्यावर मला दिशा मिळाली, कारण तो ओळखीचा आहे. संस्थेच्या सर्व्हरमध्ये मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या सहा डिस्क रेड-5 मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी पॅरिटीच्या जादा नोंदीवरून डेटा परत काढता यावा अशा, बांधलेल्या आहेत. अशा डिस्कचा एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा. रेड-5 मध्ये छोटं लेखन करायचं तर जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, नवी पॅरिटी काढायची आणि मग दोन्ही लिहायचं. एका लेखनामागे डिस्कची चार कामं. ही किंमत काही गुपित नाही. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना ज्या निबंधात मांडली, त्यातच छोट्या लेखनाचा हा हिशेब आहे. डोकं योग्य जागी न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद, जागा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, आणि वाचलेल्याच जागी पुन्हा लिहायचं म्हणून आणखी एक पूर्ण फेरा. बेरीज विसाच्या आसपास जाते. थोडक्यात, डिस्क बिघडलेल्या नव्हत्या. उघड्यावर, कोणाच्या मदतीशिवाय त्या जेवढं देऊ शकतात तेवढं देत होत्या.

मदत करायची असते ती रेड कंट्रोलर कार्डाच्या कॅशने. या कार्डावर 512 एमबी मेमरी आहे. लेखन तिथे पोचलं की कंट्रोलर लगेच ‘झालं’ म्हणतो, डेटाबेस पुढच्या खात्याकडे वळतो, आणि कंट्रोलर मागाहून जवळजवळची लेखनं एकत्र करून डिस्कवर उतरवतो. याला राइट-बॅक म्हणतात. वीज गेली तरी ही मेमरी पुसली जाऊ नये म्हणून कार्डाला एक बॅटरी जोडलेली असते. बॅटरीचा भरवसा उरला नाही की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे डिस्कवर पोचेपर्यंत ‘झालं’ म्हणत नाही.

कंट्रोलरच्या कमांडने माहिती काढली. दोन ओळी एकाखाली एक होत्या. नेमून दिलेलं धोरण: राइट-बॅक. सध्याचं धोरण: राइट-थ्रू. खाली बॅटरीची स्थिती: बदलणे आवश्यक.

कार्डाचा जुना लॉग उघडल्यावर अधूनमधूनच्या त्या रात्रींचाही उलगडा झाला. हे कार्ड ठरावीक काळाने बॅटरीची परीक्षा घेतं: ती पूर्ण उतरवतं, पुन्हा भरतं आणि किती धरते ते पाहतं. तेवढा वेळ राइट-थ्रू. रखडलेल्या रात्री आणि या परीक्षेच्या तारखा एकमेकींशी जुळत होत्या. शेवटच्या परीक्षेत बॅटरी नापास झाली आणि कार्ड कायमचं राइट-थ्रूवर गेलं. एवढ्या महत्त्वाच्या घडामोडीची खबर कोणालाही गेली नव्हती. डिस्क मेली तर दिवा लाल होतो, कार्ड ओरडतं. बॅटरीची नोंद मात्र लॉगमध्ये पडून राहिली.

हार्डवेअर पुरवणाऱ्याच्या इंजिनिअरला फोन केला. त्याचा सल्ला तयार होता: ‘‘एक सेटिंग आहे सर. बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालू ठेवायचं. लगेच पळेल.’’ खरं होतं, लगेच पळालं असतं. मॅनेजर साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. मी नको म्हटलं.

‘‘अहो, पण यूपीएस आहे ना आपल्याकडे?’’ ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. पण यूपीएस भिंतीतली वीज सांभाळतो. सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, कोणी चुकून वायर ओढली, किंवा यूपीएसच्याच बॅटऱ्यांनी ऐन वेळी दम तोडला, तर त्या 512 एमबीमध्ये जे असेल ते गेलं. डेटाबेस समजतो की नोंद डिस्कवर आहे, आणि ती नसते. अर्धी पानं नवी, अर्धी जुनी. असा डेटाबेस कधी उघडतच नाही. कधी उघडतो आणि शिल्लक चुकीची दाखवतो, हे त्याहून वाईट. बाजारात भाजी विकणारी बाई रोज एजंटच्या हातात पन्नास रुपये ठेवते ते संस्थेच्या वहीवर विश्वास ठेवून. मॅडमना लवकर घरी जाता यावं हे मलाही हवं होतं, पण त्यासाठी ती वही पणाला लावायला माझा हात धजला नसता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सेटिंगला हात लावू दिला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

बॅटरी यायला वेळ लागणार होता, कारण ते मॉडेल जुनं. तोवरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये सापडला. प्रोग्रॅम प्रत्येक खात्यामागे वेगळं कमिट, म्हणजे डिस्कवर पक्की नोंद, करत होता. तीस हजार खाती धरली तर 20 मिलिसेकंदांप्रमाणे एका फेरीलाच दहा मिनिटं, आणि ठेव, कमिशन, खतावणी अशा फेऱ्या अनेक. वर बाकीच्या पानांचं लेखन त्याच डिस्कवर. पाचशे खात्यांना मिळून एक कमिट करा असं मी सुचवलं. मध्येच बंद पडलं तर त्या पाचशेंची नोंद पूर्ण मागे जाते आणि तिथून पुन्हा सुरू होते, म्हणजे सुरक्षितता तीच. सॉफ्टवेअर कंपनीने ते मनावर घेतलं. डे-एंड दीड तासावर आला.

नवी बॅटरी बसवायला एका रविवारी सर्व्हर उघडला. जुनी हातात घेतली तर तिचं प्लॅस्टिकचं वेष्टण मधोमध फुगून ताणलेलं, कडेला शिवण उसवलेली. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद व्हायचा आणि खोली पश्चिमेच्या भिंतीची. पांढरा बारीक प्लग बसवला, मशीन सुरू केलं, तरी कार्ड राइट-थ्रूवरच होतं. पुरेशी चार्ज होईपर्यंत ते हलत नाही. काही तासांनी सध्याच्या धोरणाची ओळ बदलली. तीच हजार लेखनांची चाचणी सेकंदाच्या आत संपली. सोमवारचा डे-एंड अर्ध्या तासाच्या आत झाला. एसी आता रात्रभर चालतो, आणि बॅटरीची स्थिती रोज सकाळी माझ्या मेलवर येते.

तुमची पतसंस्था असो, दवाखाना असो वा साखर कारखाना, सर्व्हरमध्ये रेड कार्ड असेल तर सध्याच्या धोरणाची ती ओळ आजच उघडून बघा. बॅटरी खराब होऊन राइट-थ्रू लागलेलं असेल तर नवी बॅटरी मागवा, आणि ती बसून चार्ज होईपर्यंत सक्तीचं राइट-बॅक कोणालाही लावू देऊ नका.