कॉलेजातला मुलगा कुणाच्या रिटर्नवर?

मूल अठरा वर्षांचे झाले, मत देऊ लागले, उन्हाळ्यात कमावू लागले, की करापुरतेही ते आपल्यापासून सुटले, असा समज अमेरिकेतल्या आम्हा मराठी आईबापांत बराच आढळतो. कायदा तसे मानत नाही. वर्षातले निदान पाच महिने पूर्णवेळ शिकणारे मूल वर्षअखेर २४ च्या आत असेल तर ते डिपेंडंट ठरू शकते. डॉर्ममध्ये राहत असले तरी घरीच राहते असे धरतात. त्याच्या कमाईला मर्यादा नाही. स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च त्याने स्वतः उचलला का, हा खरा प्रश्न. बँकेत पडून राहिलेला पगार त्या हिशेबात येत नाही, आणि शिष्यवृत्तीही त्याने केलेला खर्च धरली जात नाही.

पण दाखवता येते म्हणून दाखवलेच पाहिजे असे नाही, आणि माझा मुद्दा इथे सुरू होतो. २०१८ पासून डिपेंडंटमागची जुनी सूट शून्यावर आली. मोठ्या मुलामागे आता जेमतेम ५०० डॉलरचे क्रेडिट उरले आहे. खरा पैसा आहे तो पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी मिळणाऱ्या अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटमध्ये, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत. मात्र जोडप्याचे उत्पन्न १,८०,००० डॉलरवर गेले की ते पूर्ण बंद, आणि आयटीतले दोन पगार तो आकडा सहज ओलांडतात. अशा घराने मुलाला डिपेंडंट दाखवलेच नाही, तर तेच क्रेडिट मूल स्वतःच्या रिटर्नवर घेऊ शकते, फी आईवडिलांनी भरलेली असली तरी. परताव्याचा भाग त्याला सहसा मिळत नाही. कर असेल तेवढाच माफ होतो, फार तर २,५०० डॉलर. २०२४ चे आकडे घ्या. इंटर्नशिपचे २४,००० मिळवणाऱ्याला १४,६०० ची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन साधारण ९४० डॉलर कर बसतो. तो माफ झाला तर घराचे ५०० सोडून ४४० वाचतात. कमाई १६,००० असेल तर कर १४० च. तिथे आईवडिलांनी ५०० घेणेच बरे.

ही पळवाट आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही, फॉर्म ८८६३ च्या सूचनांतच ही मुभा आहे. मुलाने मात्र ‘मला कुणी डिपेंडंट दाखवू शकते’ ही खूण करायचीच, कारण ते खरे आहे. डिपेंडंट न दाखवल्याने कॉलेजची आर्थिक मदत वाढेल, ही आशाही फोल. फाफ्सा या मदतीच्या अर्जाचे निकष निराळे आहेत. व्हिसावरच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी: एच-४ या आश्रित व्हिसावरचे मूल एकविसाव्या वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेले, तर पुढच्या वर्षापासून करापुरते ते बहुधा अनिवासी ठरते. मग ५०० ही नाहीत आणि शिक्षणाचे क्रेडिटही नाही.

मुलाचे रिटर्न पाठवण्याआधी दोन्ही रिटर्न शेजारी ठेवून आकडेमोड करा. १५ एप्रिलच्या आदल्या रात्री नको, फेब्रुवारीतच.