हवेची वाट

‘एक्झॉस्ट बिघडलाय, जरा बघून जा,’ असा फोन आला की मी आधी विचारतो, बटण दाबल्यावर काय होतं? काहीच होत नाही, नुसतं गुरगुरतो, की फिरतो पण बाथरूम कोंदटच राहतं? मुंबईच्या जुन्या इमारतींत वायरमनचं काम करताना मला कळलं, की शिडी लावण्याआधी हे विचारलं तर निम्मा दोष खालीच सापडतो.

काहीच होत नसेल तर आधी लाइन बघायची. इथे नुसत्या टेस्टरवर भिस्त ठेवू नये. न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजवर टेस्टर पेटतोच. म्हणून मी पंख्याकडे येणाऱ्या दोन्ही तारांना टेस्ट लॅम्प लावतो. बल्ब लख्ख पेटला तर लाइन शाबूत आहे, दोष मोटरच्या आत आहे. नाही पेटला तर बटण किंवा जोड. बाथरूममधला कनेक्टर उघडला की पुष्कळदा तांब्यावर हिरवा थर दिसतो. वाफेनं जोड खाल्लेला असतो. तेवढा तुकडा कापायचा, नवं टोक सोलून घट्ट आवळायचं, की पंखा सुरू.

गुरगुरत असेल तर मी एमसीबी पाडतो आणि पातं बोटानं फिरवून बघतो. ते मोकळं फिरलं आणि आपसूक हळूहळू थांबलं, तर संशय कंडेन्सरवर. त्यावर अडीच मायक्रोफॅरड छापलेलं असतं आणि मीटर दीड दाखवतो. मोटरला वीज मिळते, पण सुरुवातीचा जोर मिळत नाही. पातं अडखळत फिरलं तर बुश सुकलंय. सहा इंची पंख्यांच्या बऱ्याच मोटरींना कंडेन्सरच नसतो, त्यांचा जोर मुळात कमी, त्यामुळे बुश जरा आवळलं तरी त्या अडतात. खोलून बघितलं की शाफ्टवर काळा चिकट थर असतो: साबणाची वाफ, केस, टॉवेलचे तंतू, जुनं तेल. तो पुसून काढायचा, बुशाभोवतीच्या नमद्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्यायचे. पण शाफ्ट दोन बोटांत धरून हलवल्यावर खडखडला, तर बुश झिजलंय, तिथे तेलाचा उपयोग नाही. ते बदलावंच लागतं.

एवढं कोणीही चार महिन्यांत शिकतो. खरा कस लागतो तो तिसऱ्या तक्रारीत. पंखा जोरात फिरतो, आवाज नाही, तरी छताला काळी बुरशी आणि आरसा तासभर धुरकट. लोक मोठा पंखा लावायला सांगतात. मी वर्तमानपत्राचं एक पान मागून घेतो. बाथरूमचं दार उघडं ठेवून ते पंख्याच्या जाळीजवळ नेलं की पान जाळीला चिकटतं. मग दार लावून घ्यायचं. आता पान सुटून खाली पडलं, तर पंख्यात काहीच खोट नाही. खोलीत हवा येतच नाहीये, मग पंखा बाहेर काय फेकणार?

हिशेब सोपा आहे. सहा इंची पंख्याचं तोंड साधारण 28 चौरस इंच. अडीच फुटी दाराखाली एक इंच फट ठेवली तर 30 चौरस इंच वाट मिळते. पण नवीन दार बसवताना ती फट बुजवतात, उंबऱ्याला रबर लावतात आणि मग पंख्याला नावं ठेवतात. सुताराला बोलावून दार खालून तासून घ्या, नाहीतर दारात जाळी बसवा, असं मी सांगतो. त्यात मला मजुरी मिळत नाही, पण काम तेच आहे.

दार उघडं असूनही पान चिकटलं नाही, तर बाहेरच्या बाजूला बघायचं. डक्टमध्ये कबुतरांनी काड्या रचलेल्या असतात किंवा रंगानं झडपा जाम झालेल्या असतात. रिवाइंड करून आणलेल्या मोटरीत तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरून डक्टमधलीच घाण आत घेतो. लांबून तो ठणठणीत वाटतो.

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही. आत गॅस गीझर असेल आणि ‘एक्झॉस्ट आहे ना, मग काळजी कसली’ असं कोणी म्हणालं, तर मी काम थांबवून समजावतो. बंद खोलीत ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर पंखा उलट गीझरचा धूर नळीतून माघारी आत ओढू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, एवढंच त्यावर उत्तर आहे. पंख्याच्या भरवशावर जीव ठेवू नये.

म्हणून पैसे घेण्याआधी मी दार लावून पुन्हा पान धरतो आणि घरातल्यांनाही धरायला लावतो. एकदा का ही परीक्षा त्यांच्या हातात आली, की पंख्यानं काम करायचं सोडलं तर त्यांना बुरशी येण्याआधीच कळतं.