बाबांनी पाहिलेला समुद्र

घरातील ज्येष्ठ व्यक्तीने एखादी इच्छा बोलून दाखवावी आणि आपण ‘आता या वयात?’ असे म्हणून तो विषय तिथेच मिटवावा, हे आपल्याही घरी कधी ना कधी घडले असेल. माझ्याकडून ते घडले. त्यातून मी जे शिकले, ते आपल्यापुढे ठेवते.

माझे वडील 82 वर्षांचे आहेत. दारव्हा तालुक्यातील गावोगावच्या प्राथमिक शाळांत त्यांनी 34 वर्षे शिकवले. देवमासा हा मासा नव्हे, तो फुफ्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हा धडा त्यांनी कापसाच्या मुलखातील मुलांच्या कितीतरी पिढ्यांना दिला. वर्धा आणि पैनगंगेचे पाणी गोदावरीतून अखेर बंगालच्या उपसागराला मिळते, हे ते फळ्यावर नकाशा काढून समजावत. स्वतः मात्र त्यांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता.

चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून मीठ मोजून, पाणी मोजून, लघवी साफ होण्याची गोळी वेळेवर, असा आमचा यवतमाळच्या घरातील दिनक्रम आहे. एका संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हंपबॅक देवमासा पाण्याबाहेर झेपावताना दिसला. बाबा म्हणाले, ‘‘हा एकदा डोळ्यांनी पाहायला हवा होता.’’ मी औषधाची डबी भरता भरता उत्तरले, ‘‘आता या वयात?’’ ते काही बोलले नाहीत. पुढे आठवडाभराने त्यांना एकट्याने फाटकापर्यंत जाण्यास मी अडवले, तेव्हा मात्र त्यांनी विचारले, ‘‘बाई, तू माझी काळजी घेतेस, की माझ्यावर पहारा ठेवतेस?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. खरे सांगायचे तर, त्यांनी नकार द्यावा अशीच माझी अपेक्षा होती. त्यांनी मात्र प्रश्न विचारले. सपाट चालताना धाप लागते का? रात्री आडवे झोपता येते का? पायांवर सूज आहे का? वजन अचानक वाढले आहे का? सारी उत्तरे समाधानकारक निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘जाऊ द्या त्यांना. फक्त प्रवास तुकड्यातुकड्यांनी करा.’’

मग मी माहिती जमवू लागले. जगातील बहुतेक हंपबॅक देवमासे थंड समुद्रातून उष्ण समुद्राकडे हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. आपल्या अरबी समुद्रातील मात्र हा समुद्र सोडून जात नाहीत. त्यांची संख्या शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2017 च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहाशी जोडलेली खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी सारा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. लुबान म्हणजे आपला धुपाचा लोबान. हे ऐकून बाबा प्रसन्न हसले. इतका दुर्मीळ प्राणी होडीतून हमखास दिसणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. कोकण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाठीवर तसेच कुबड असलेले डॉल्फिन मात्र दिसू शकतात. तेही मासे नव्हेत; देवमाशांचेच आप्त. बाबा म्हणाले, ‘‘चालेल. तोही नाही दिसला, तर समुद्र तर दिसेल.’’

जानेवारीत आम्ही निघालो. धामणगावहून रेल्वेने मुंबई, तिथे नातलगांकडे दोन दिवस विश्रांती, मग कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मोटारीने मालवणजवळचे देवबाग. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. पहिल्या सकाळी वारा होता आणि बाबांचे पाय प्रवासाने किंचित सुजले होते. मी होडी रद्द केली. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. पाय उंचावर ठेवून झोपू द्या आणि सकाळी पुन्हा पाहा, असे ते म्हणाले. सकाळी सूज उतरली होती, बाबांना धाप नव्हती. या वेळी मी बाबांनाच विचारले, ‘‘जायचे का?’’ त्यांनी उत्तरादाखल काठी हाती घेतली.

नदीच्या शांत पाण्यातून होडीत चढायचे होते. दोन तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. उचलून घेणे बाबांना रुचले नाही, पण ‘‘काकानू, सावकाश’’ असे नावाड्याने म्हणताच ते निमूट बसले. मुखापाशी नदीचे पाणी संपून लाट सुरू झाली, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने नावाड्याने यंत्र बंद केले. पाठलाग केला की ते बुडी मारून दूर जातात, थांबले की आपणहून वर येतात, असे तो म्हणाला.

आम्ही थांबलो. आधी आवाज आला, कुणी दीर्घ सुस्कारा सोडावा तसा. मग करड्या रंगाची पाठ, तिच्यावरचे कुबड, त्यावरचा लहानसा पर. चार-पाच डॉल्फिन होते आणि त्यांत एक पिलू होते. बाबा पुढे झुकले आणि वर्गात सांगावे तशा स्वरात म्हणाले, ‘‘पाहा, हा मासा नव्हे. श्वास घ्यायला वर येतो.’’ मग चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला. खारे पाणी उडाले असावे, असे मी मानले.

आपल्यालाही असे न्यायचे असेल, तर काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. होडीत मध्यभागी किंवा मागे बसवावे. पुढच्या टोकाला लाटेचे दणके अधिक बसतात आणि ठिसूळ झालेल्या मणक्यांना ते घातक ठरतात. लाइफ जॅकेट निघण्यापूर्वीच बसवून पाहावे. उपाशीपोटी नेऊ नये, पोट भरूनही नेऊ नये. नजर क्षितिजाकडे ठेवावी. मळमळीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी वृद्धांना गुंगी येते, काहींची लघवी अडते. लघवीच्या गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांनाच विचारावे. होडीत शौचालय नसते, म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच टाळतात. ते होऊ देऊ नये, फेरीच लहान ठेवावी. औषधे आणि ताजी चिठ्ठी जवळच्या पिशवीत असावी. धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर जाणवल्यास लगेच परतावे, हे नावाड्याला आधीच सांगून ठेवावे.

घरी परतल्यावर मीठ मोजणे आणि गोळ्या पूर्वीप्रमाणेच सुरू आहेत. फाटकापर्यंत मात्र बाबा आता एकटे जातात. मी खिडकीतून पाहते आणि तेही त्यांना ठाऊक आहे. गल्लीतील मुले संध्याकाळी तिथे जमतात. बाबा काठीने मातीत समुद्र काढतात आणि कुबड कुठे असते, ते दाखवतात.