निरोप पोचला का?

पवित्र मिस्सा संपण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे सूचनांची असतात. प्रवचन शांतपणे ऐकणारी मंडळी या वेळी मुलांचे हात धरून उठण्याच्या तयारीत असतात, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते आणि वेदीवरचा धर्मगुरू हातातला कागद घाईघाईने वाचत असतो. पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेत आम्ही अशा किती सूचना वाचल्या असतील, याची गणती नाही. सूचना वाचली, कागदाची घडी करून डायरीत ठेवली, की धर्मग्रामाच्या कारभारातले एक काम उरकले, अशी आमची दीर्घकाळ समजूत होती. ती समजूत एका वृद्ध मातेच्या हातातील मेणबत्तीने घालवली.

गोष्ट २०११ सालची. वसई परिसरातील एका धर्मग्रामाची जबाबदारी तेव्हा आमच्याकडे होती. वस्ती वाढत होती. दफनभूमी मात्र पूर्वजांनी दिली तेवढीच होती. नव्या कबरींसाठी जागा उरली नव्हती. त्यामुळे जुन्या भागातील तात्पुरत्या कबरी मोकळ्या कराव्यात, त्यांतील अवशेष विधिपूर्वक सामाईक अस्थिकुंडात ठेवावेत आणि ज्यांना आपल्या माणसाचा क्रूस घरी न्यायचा असेल त्यांनी तो सप्टेंबरअखेर न्यावा, असा ठराव पॅरिश कौन्सिलने एकमताने संमत केला. इतिवृत्त लिहिले गेले. फलकावर नोटीस लागली. ऑगस्टमध्ये सलग तीन रविवारी, प्रत्येक मिस्सेला, आम्ही ती वाचून दाखवली. ऑक्टोबरमध्ये काम पूर्ण झाले. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर कोठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळली होती. कबरींवर तीर्थ शिंपडत आम्ही पुढे चाललो होतो. जुन्या भागाच्या कडेला शेजारच्या मुलीचा आधार घेऊन एक मावशी उभ्या होत्या. एका हातात शेवंतीची फुले, दुसऱ्या हातात न पेटवलेली मेणबत्ती. तरुणपणी गेलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाची कबर तेथे होती. आता तेथे सपाट केलेली माती होती. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “फादर, मेणबत्ती कुठं लावू?”

आवाजात राग नव्हता. खरोखरच जागा विचारावी, तसे त्यांनी विचारले. आणि आमच्या तोंडून काय गेले? “मावशी, तीन रविवार सूचना दिली होती.”

त्या म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, मी रविवारी देवळात येते कुठं? तुम्हीच तर येता माझ्याकडं.”

ते अक्षरशः खरे होते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्या घरीच असत आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही स्वतः त्यांच्या घरी जात होतो. ऑगस्टमध्ये गेलो होतो, सप्टेंबरमध्ये गेलो होतो आणि काम सुरू होण्याच्या सुमारास ऑक्टोबरमध्येही गेलो होतो. भिंतीवर त्या मुलाचा फोटो होता. त्याच्यासमोर उभे राहून आम्ही प्रार्थना म्हटली होती. ज्या हातांनी त्यांच्या घरी प्रभूचे शरीर नेले, त्याच हातांतल्या डायरीत ती नोटीस घडी करून ठेवलेली होती. ती सांगावी हे आम्हांला सुचले नाही, कारण आमच्या लेखी सूचना “देऊन झाली” होती.

त्या रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी कबरी खणणाऱ्या काकांना आम्ही बोलावून घेतले. तो क्रूस कोणाचा हे त्यांना ठाऊक होते काय, असे विचारले. ते मान खाली घालून म्हणाले, “ठाऊक होतं, फादर. म्हातारीला कळलं नसेल असंही वाटलं होतं. पण यादी तुम्ही दिलेली. म्हटलं, फादरांनी ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार.” मग ते अवजारांच्या खोलीत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेला एक लाकडी क्रूस घेऊन आले. “टाकवला नाही,” एवढेच म्हणाले.

गोरेगावच्या सेमिनरीत असताना बोलावे कसे, हे आम्ही मन लावून शिकलो. पापनिवेदनात समोरच्याचे ऐकून कसे घ्यावे, हेही शिकलो. परंतु त्या जाळीबाहेर, सभेच्या टेबलावर, कारभाराच्या कामातही ऐकावे लागते, हे शिकायचे आमच्याकडून राहून गेले. आमचा शब्द वरून खाली गेला, पण शेवटच्या घरापर्यंत पोचला नाही, ही पहिली चूक. परंतु दुसरी चूक अधिक गंभीर होती. कबरी खणणाऱ्या माणसाला जे ठाऊक होते, ते खालून वर येण्यास वाटच नव्हती. ती वाट आम्ही मुद्दाम बंद केली नव्हती. लोकांच्या आदरानेच ती बुजली होती. आदर हा धर्मगुरूला मिळणारा मोठा प्रसाद खरा, परंतु त्या आदरापोटी माणसे गप्प बसू लागली, की कारभार आंधळा होतो.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की लहान धर्मग्रामात जे घडले, तेच मोठ्या संस्थांतही घडते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी इशारा दिला होता की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान असताना उड्डाण करू नये; थंडीत सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत. त्यांच्याच व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरवला. नंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने नमूद केले की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना त्या मूळ लेखी शिफारशीची माहितीच नव्हती. ज्ञान संस्थेत होते. निर्णय घेणाऱ्यांपाशी मात्र ते नव्हते. त्या दोहोंमधल्या जिन्यावर सात जीव गेले.

चेस्टर बर्नार्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९३८ साली व्यवस्थापनावर एक ग्रंथ लिहिला. ते स्वतः न्यू जर्सीतील टेलिफोन कंपनीचे प्रमुख होते. त्यांचे प्रतिपादन असे, की आज्ञेचा अधिकार आज्ञा देणाऱ्यात नसतो. ज्याला ती दिली आहे, त्याला ती कळली आणि त्याने ती स्वीकारली, तरच तो अधिकार अस्तित्वात येतो. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्या तीन रविवारच्या सूचना उभ्या राहिल्या.

आणि नवल असे, की यातले बरेचसे आपल्या घरातच होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात मठाधिपतीला सांगितले आहे, की महत्त्वाचा निर्णय घेताना सर्व बंधूंना बोलवावे, कारण हिताची गोष्ट देव पुष्कळदा वयाने सर्वांत लहान असलेल्यास प्रकट करतो. निर्णय मठाधिपतीनेच घ्यावा, पण सर्वांचे ऐकून. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिकांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्या तक्रारीला कुरकुर म्हणून गप्प केले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात जणांची निवड करायला लावली. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत! ज्यांचे गाऱ्हाणे होते, त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती कारभार सोपवला गेला. चर्चच्या आरंभीच्या काळातला व्यवस्थापनाचा हा धडा विधवांच्या ताटापासून सुरू होतो, हे विसरून चालणार नाही.

१९८३ च्या धर्मसंहितेनुसार पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते असते. अंतिम निर्णयाचा भार धर्मगुरूवर आहे. परंतु निर्णयाचा अधिकार मिळाला म्हणजे विचारण्याच्या कर्तव्यातून सुटका झाली, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट ते कर्तव्य वाढते. त्या नोव्हेंबरनंतर आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्या. ठराव संमत झाला की इतिवृत्तात एक प्रश्न लिहायचा: हे कोणापर्यंत पोचणार नाही? मग ती नावे प्रत्येक वाडीच्या प्रतिनिधीने घ्यायची आणि घरी जाऊन सांगायचे. दुसरी गोष्ट, काम ज्याच्या हातून होणार त्याला निर्णयाआधी सभेत बसवायचे; माळी असो, घंटा वाजवणारा असो की कबर खणणारा. तिसरी, सभेत आम्ही शेवटी बोलायचे. आम्ही आधी बोललो की सभा संपते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या पतपेढीत, शाळेत, मंडळात घेतला असेल.

हे सोपे गेले असे म्हणणार नाही. सभा लांबल्या. “फादर, तुम्हीच ठरवा ना,” असे कंटाळून म्हणणारे पुष्कळ भेटले. कबर खणणारे काका पहिल्या दोन सभांत एक शब्दही बोलले नाहीत. तिसऱ्या सभेत, दफनभूमीच्या नव्या भिंतीच्या आराखड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “इथं पावसाचं पाणी साचतं.” सभेतल्या दोन इंजिनिअरांनी एकमेकांकडे पाहिले. भिंतीची जागा बदलली.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडच्या २०२३ व २०२४ मधील अधिवेशनांत कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक एकाच गोल टेबलाशी बसलेले आम्ही छायाचित्रांत पाहिले, तेव्हा आम्हांला आमची ती सभा आठवली.

मावशींचा तो क्रूस आम्ही दफनभूमीच्या भिंतीत बसवून घेतला आणि त्याखाली मेणबत्तीसाठी एक छोटा दगडी कोनाडा केला. दुसऱ्या वर्षी त्यांनी तेथे मेणबत्ती लावली. त्यांनी आम्हांला क्षमा केली की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. त्याही कधी बोलल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्या. मराठीत संदेशालाही निरोप म्हणतात आणि शेवटच्या भेटीलाही. पहिला निरोप आम्ही त्यांच्यापर्यंत पोचवला नव्हता. दुसऱ्या निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांच्या कबरीपाशी उभे होतो, आणि कोणती जागा मोकळी आहे ते काकांना विचारूनच ती ठरवली होती.

आजही मिस्सेच्या शेवटी आम्ही सूचनांचा कागद वाचतो. वाचून झाल्यावर त्याची लगेच घडी करीत नाही. बाकांवरून एकदा नजर फिरवतो आणि कोण आलेले नाही, ते पाहतो.